बांगड्यांखालचा हात

साहेबांना चित्रातल्या बाईचा चेहरा बदलून हवा होता. बाकी काही नाही, फक्त चेहरा. "हात लावायचा तर तेवढ्यालाच लावा," ते म्हणाले आणि खिशातून एक फोटो काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. फोटो माझ्या मुलीचा होता.

मी जुनी चित्रं दुरुस्त करतो. तीस वर्षं हेच करतोय. मळ काढतो, फाटलेलं कापड मागून जोडतो, रंग उडाला असेल तिथे रंग भरतो. लोक काय काय मागतात त्याची मला सवय आहे. एका बाईंनी आजोबांच्या चित्रातली मिशी काढायला लावली होती, कारण ती म्हणे हुबेहूब व्याह्यांच्या मिशीसारखी दिसायची. असल्या गिऱ्हाइकांची पाठ वळली की मी पोट धरून हसतो. त्या सोमवारी मात्र हसू आलं नाही.

चित्र मोठं, उभ्या माणसाच्या उंचीचं. मधोमध एक तरुण बाई. तिच्या एका बाजूला पेटाऱ्यावर बसलेली जाडजूड बाई, मांडीत नाण्यांचा ढीग, ही श्रीमंती. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या साध्या कपड्यांतला अनवाणी पुरुष, हे प्रेम. मधली बाई श्रीमंतीकडे पाठ करून प्रेमाच्या हातात हात देतेय. साहेबांनी हे पहिल्या लग्नानंतर काढवून घेतलं होतं, बायकोला चित्रकारासमोर रोज उभं करून. मधली ती त्यांची पहिली बायको. आणि प्रेमाचा चेहरा कुणाचा? खुद्द साहेबांचा. ज्यांचे तीन कारखाने आणि टेकडीवर बंगला, ते अनवाणी प्रेम होऊन उभे, आणि श्रीमंतीचं सोंग वठवायला कुठलीतरी भाड्याची बाई आणून बसवलेली. तिच्या चेहऱ्यावर मात्र पाय अवघडल्याचे भाव आहेत. चित्रकार म्हातारा होता, पण समोरचं काहीही सोडायचा नाही.

"लग्नानंतर हे दिवाणखान्यात लावणार आहे," साहेब म्हणाले. "तिथे जुना चेहरा बरा दिसणार नाही. तुम्ही तर मुलीचे वडील, तुम्हाला काय सांगायचं. शुक्रवारी चार वाजता मी स्वतः येईन. मला ताटकळायला आवडत नाही, ठाऊक आहे ना?"

"हो साहेब," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. मी मनगटाकडे पाहिलं. प्रेमाला दिलेल्या त्या हातात चार सोन्याच्या बांगड्या आहेत. त्या म्हाताऱ्या चित्रकाराने काढलेल्या नाहीत. त्या मी काढल्या आहेत.

आठ वर्षं झाली. चित्र तेव्हा नवंच होतं. साहेब ते घेऊन आले आणि म्हणाले, मनगटावर मळ दिसतोय. मी कापूस ओला करून फिरवला. मळ जाईना. भिंग लावलं तेव्हा कळलं, मळ नव्हताच तो. बोटांचे वळ होते. चार बोटांचे, कडेला पिवळट आणि मध्ये निळे, आणि आतल्या अंगाला अंगठ्याचा एक. म्हाताऱ्याला जे दिसलं ते त्याने रंगवलं होतं. बंगल्यावर एका पाहुण्याने विचारलं होतं म्हणे, हे काय आहे म्हणून. "चित्रकार हटवादी आहे, बदलत नाही," साहेब म्हणाले. "तुम्ही झाकून टाका. बांगड्या वगैरे काहीतरी काढा." आणि ते माझ्याकडे रोखून बघत राहिले. मी काय विचारलं असेल? मी विचारलं, "सोन्याच्या काढू?"

आमच्या धंद्यात एक नियम आहे. मूळ रंगाला धक्का लावायचा नाही. आपण वर जे चढवू ते पुढे कुणालाही पुसून काढता आलं पाहिजे. म्हणून मध्ये वॉर्निशचा एक पातळ थर द्यायचा आणि त्यावर काम करायचं. तो थर मी अगदी मन लावून दिला होता. गेली आठ वर्षं मी त्या थराच्या भरवशावर झोपलो. मी काही पुसलं नाही, फक्त झाकलं. ज्याला बघायचंय त्याने दहा मिनिटं कापूस फिरवावा, सगळं जसंच्या तसं सापडेल. मग माझा दोष काय? माणूस स्वतःची समजूत काढायला बसला की कशाचाही आधार घेतो. मी वॉर्निशचा घेतला.

ती बायको एकदा काम बघायला आली होती. उन्हाळा असून पुऱ्या बाह्यांचा ब्लाउज घातलेला. बराच वेळ बघून म्हणाली, "छान झाल्यात. निघतात का या?" मी म्हणालो, "निघतात. कुणी काढल्या तर." ती हसली आणि गेली. पुढच्या वर्षी ती बंगल्याच्या गच्चीच्या जिन्यावरून पडली आणि त्यातच गेली. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. तोवर साहेबांच्या ओळखीपाळखीतली सगळी कामं माझ्याकडे यायला लागली होती आणि धंद्याला ही दुमजली जागाही मिळाली होती, वर काम आणि खाली दुकान. श्रीमंतीच्या पेटाऱ्यापाशी मला कुणी फरफटत नेलं नव्हतं. मी माझ्या पायांनी चालत गेलो होतो.

माझी मुलगी कापूस धरायला शिकली ती याच वरच्या खोलीत. घरात तिला मुंगी म्हणतात, कारण लहानपणापासून ती एका जागी बसून तासन्‌तास काहीतरी करत राहते. हात माझ्याहून हलका आहे तिचा. थंडीच्या सुरुवातीला बंगल्यावरची दहा-बारा चित्रं साफ करायची होती. मला दुसऱ्या कामाची घाई होती, म्हणून मी तिला पाठवलं. मीच पाठवलं. तीन महिन्यांनी तिने जेवताना सांगितलं, की तिचं आणि साहेबांचं ठरलंय.

"लोक म्हणतील, पैसा बघितला," ती म्हणाली. "म्हणू देत. मला त्यांचं काही नको, बाबा. मला ते हवेत."

आमची ही तर हवेतच गेली. पोरीने नशीब काढलं, असं ती शेजारीपाजारी सांगत सुटली. मी म्हणून पाहिलं, की अठरा वर्षांचं अंतर आहे. "मग आपल्यात काय कमी आहे?" ही म्हणाली. आमच्यात सात वर्षांचं आहे, पण वादात ही कधी हरलेली मला आठवत नाही.

सांगायचं तर दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या, एक त्यांची आणि एक माझी. पहिली ऐकून मुंगी लग्न मोडेल की नाही, याची खात्री नव्हती. दुसरी ऐकल्यावर ती माझं तोंडही बघणार नाही, याची होती. मी रोज ठरवत होतो आणि रोज मूग गिळून बसत होतो. आता लग्नाला नऊ दिवस उरले होते.

चार दिवस मी चेहऱ्यावर काम केलं. आधी वॉर्निशचा थर, नियमाप्रमाणे. मग कपाळ, नाक, हनुवटी. गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळा चेहरा मुंगीचा झाला, फक्त डोळे राहिले. डोळे मी शेवटी करतो, पण या वेळी शेवट येऊच नये असं वाटत होतं. माझ्या मुलीच्या चेहऱ्यातून ती मेलेली बाई माझ्याकडे बघत होती. मी काम थांबवून चित्रावर चादर टाकली आणि चादरीकडेही पाठ करून बसलो.

शुक्रवारी दुपारी मुंगी आली. फोटोवरून डोळे निर्जीव होतात, म्हणून तिला समोर बसवायचं ठरलं होतं. खिडकीपाशी स्टुलावर बसली, फोन मांडीवर, स्क्रीन वर करून. मी रंग कालवायला घेतला तेवढ्यात फोन वाजला. पहिल्याच घंटीला तिने उचलला.

"हो, पोचले. हो, बाबांकडेच. नाही, दुसरं कुणी नाही."

वीस मिनिटांनी परत. "नाही, अजून बसलेय. हो. हो. नाही, कुठे जाणार?"

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती उठून उभी राहिली. "निळा नाही घातला. नाही, खरंच. पांढराच घातलाय. फोटो पाठवू?" तिने फोन लांब धरून स्वतःचा फोटो काढला. पहिला हलला, दुसराही हलला. तिचा हात थरथरत होता. ज्या हाताने ती केसाएवढी भेग बुजवते, तो हात.

"रोज असं विचारतात?"

"काळजी असते त्यांना."

"आणि तू नाही उचलला तर?"

"उचलते ना मी," ती म्हणाली आणि परत स्टुलावर बसली, अगदी आधी होती तशी, मान तेवढीच तिरकी करून.

मी ब्रश खाली ठेवला. बोलणं मला या जन्मात जमणार नव्हतं, हे मला कळून चुकलं. मला एकच काम येतं.

"मुंगे, जरा इकडे ये," मी म्हणालो. "हे मनगट साफ करून दे. माझी नजर पोचत नाही."

ती खुशीत आली. कामाचं नाव काढलं की तिची कळी खुलते. काडीला कापूस गुंडाळला, रंग सोडवणाऱ्या द्रावणात बुडवून टिपला, आणि शिकवल्याप्रमाणे आधी एका कोपऱ्यात नखाएवढी जागा घेतली. कापूस सोनेरी झाला. तिने दुसरा घेतला. तोही सोनेरी.

"बाबा! हे मागाहून केलंय कुणीतरी! खाली वॉर्निश आहे, बघा. मस्त सुटतंय."

"काढ सगळं."

मी तिच्या मागे उभा होतो. एकेक बांगडी कापसावर येत होती. दोन गेल्या, तीन गेल्या. चौथीच्या जागी तिचा हात थांबला.

"इथे मळ राहिलाय," ती म्हणाली. तिने नवा कापूस जिभेला लावून ओला केला. थुंकीने मळ सुटतो, हे आमच्या धंद्यातलं न सांगायचं गुपित. हलक्या हाताने फिरवला. मग जरा दाबून. आठ वर्षांपूर्वी मी केली तीच चूक, मीच शिकवलेल्या हाताने. "निघत नाहीये," ती म्हणाली आणि भिंग डोळ्याला लावून वाकली.

ती वाकून राहिली ती राहिलीच. खाली रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्या दुकानाचं शटर वर गेलं. ती बघतच होती.

"हे मुळातलं आहे," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि बांगड्या कुणाच्या?"

"माझ्या."

मग मी सगळं सांगितलं. मळ, पाहुणा, पुऱ्या बाह्या, जिना, ही जागा. 'सोन्याच्या काढू?' हेही सांगितलं. वाटलं होतं ती ओरडेल, हातातलं काहीतरी फेकून मारेल, निदान रडेल. तिने भिंग डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि घड्याळाकडे पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"तुमचं नाही. तिचं. त्यांनीच सांगितलं मला. ती फार हट्टी होती म्हणे. सारखी उलटून बोलायची. मग त्यांचा तोल जायचा."

"आणि तुला हे पटलं?"

"मी उलटून बोलत नाही, बाबा." ती मला समजावत होती, जसं काही लहान मूल मीच होतो. "मी त्यांना चिडूच देत नाही. मला कळतं आधी. पावलांवरून कळतं, चहाचा कप कसा ठेवला त्यावरून कळतं. फोनवर तर पहिल्या शब्दालाच कळतं. तिला नव्हतं जमत ते. मला जमतं."

हे ती अभिमानाने सांगत होती. मला तिची भीती वाटत नव्हती आणि साहेबांचीही तितकी नाही. तो अभिमान ऐकून माझी पाचावर धारण बसली. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नव्हतो.

"नको करू हे लग्न," मी म्हणालो. "तुझ्या पाया पडतो."

तेव्हा कुठे तिचा आवाज चढला. "आत्ता सांगताय? मी पहिल्यांदा बंगल्यावर निघाले तेव्हा तुम्ही मला रिक्षा करून दिलीत. कापूस मोजून दिलात. तेव्हा का नाही बोललात? तेव्हा मी ऐकलं असतं!"

मी हात जोडून उभा राहिलो.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता ते चार वाजता येतायत," ती म्हणाली. आवाज परत खाली गेला होता. "वॉर्निश द्या. लवकर सुकणारं."

मला आधी कळलंच नाही. तिने स्वतःच बाटली घेतली, मनगटावर पातळ थर फिरवला, पुठ्ठ्याने वारा घातला. मग रंगाची पाटी ओढून पिवळा, पांढरा आणि थोडा तपकिरी कालवला. आणि बांगडी काढायला घेतली.

"मुंगे, नको."

"चारच होत्या ना? तुमच्या सोनेरीला हिरवट झाक होती, बाबा. मी जरा तांबूस घेते."

आता तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. एका दमात गोलाई, मग खालची सावली, मग चमकेचा एक ठिपका. पहिला वळ गेला. दुसरा गेला. माझ्यापेक्षा कितीतरी सुरेख बांगड्या होत होत्या त्या. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोरीने बापाचं नाव काढलं. मी तिच्या हातातला ब्रश हिसकावून घ्यायला पुढे झालो, तर ती मान न वळवता म्हणाली, "डोळे राहिलेत. तुम्ही ते करून टाका. माझे."

"मी नाही करणार."

"करा ना, बाबा. अर्धवट दिसलं तर मला विचारतील ते. मी काय सांगू?"

अंगठ्याचा वळ तेवढा उरला होता. तो मनगटाच्या आतल्या बाजूला असल्यामुळे बांगडीखाली येईना. ती दोनदा प्रयत्न करून थांबली आणि पाचवी बांगडी काढू लागली. तेवढ्यात खाली गाडी थांबली. चारला दहा मिनिटं कमी होती.

घंटी वाजली. मुंगी ताडकन उठली. ब्रश द्रावणात, हात फडक्यात, मग दोन्ही बाह्या उलटसुलट करून बघितल्या. "लागला नाही ना कुठे? पांढऱ्यावर लगेच दिसतो. बघा ना मागून!"

"तू बस," मी म्हणालो. "मी बघतो."

जिना उतरताना माझे पाय लटपटत होते. आठ वर्षांपूर्वी लटपटले असते तर फार बरं झालं असतं. दुकानाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच आहे. साहेब काचेपलीकडे उभे होते, इस्त्रीच्या कपड्यांत, मनगटावरचं घड्याळ बघत. मला पाहून त्यांनी मान हलवली. मी दारापाशी गेलो. वरचा बोल्ट लावलेलाच होता. मी वाकून खालचाही लावला.

साहेबांच्या ते लगेच लक्षात आलं नाही. त्यांनी दार ढकलून पाहिलं. मग परत घंटी दाबली आणि बोट काढलंच नाही. मी काचेतून त्यांच्या डोळ्यांत बघून मान हलवली, नाही म्हणून. आठ वर्षांत त्या माणसाला कशालाही नाही म्हणायची ही माझी पहिलीच वेळ.

ते चिडले नाहीत. ते हसले. अगदी समजूतदारपणे हसले, आणि त्यांनी खिशातून फोन काढून कानाला लावला.

वर फोन वाजला. पहिल्याच घंटीला थांबला. आणि मुंगी जिन्यावरून धडधडत खाली आली, दोन-दोन पायऱ्या टाकत, फोन तसाच कानाशी धरलेला. "हो, हो, उघडतेय, बाबांना जरा बरं नाहीये," ती फोनमध्ये म्हणत होती. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. तिने एका हाताने माझा दंड धरून ओढलं. मी हललो नाही. तिने फोन खाली टाकला आणि दोन्ही हातांनी ओढायला लागली. मी दारावर पाठ आणखी रेटली आणि तिला म्हणालो, की हे दार आज उघडणार नाही, तू मला मारलंस तरी नाही.

"उद्या सगळं ऐकते तुमचं," ती म्हणाली. तिच्या तोंडाला फेस आला होता. "तुम्ही म्हणाल ते ऐकते. आत्ता बाजूला व्हा." तिची नजर माझ्या खांद्यावरून मागच्या काचेवर खिळली होती. मला मागचं दिसत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. "बाबा, उघडा ना. ते अजून हसतायत, बाबा. ते हसतायत तोवर उघडा."